परिपाठाच्या टेबलावरचं दिनविशेष

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात, क्रमिक पुस्तकांच्या गठ्ठ्यांशेजारी हे दिनविशेषांचं कॅलेंडर ठेवलेलं होतं. पुठ्ठ्याचा तिकोनी स्टँड, वर वायरोचं बाइंडिंग, ३६६ पानं, किंमत ४८० रुपये. पानांवर वार छापलेला नाही, त्यामुळे दरवर्षी नवं घ्यायला नको. डिसेंबर संपला की पुन्हा पहिल्या पानावर यायचं. मी सातारा जिल्ह्यात, कराडच्या बाजूला एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि परिपाठाची जबाबदारी माझ्याकडे आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हापासून रोज सकाळी या कॅलेंडरचं एक पान आमच्याकडे वाचलं जातं. प्रकाशक छोटा आहे आणि चुका कळवल्यावर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो म्हणालाय, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. पण वस्तू चांगली आहे, आणि चांगली का आहे, कुठे कमी पडते, हे सविस्तर सांगण्यासारखं आहे.

ज्यांची शाळा सुटून बरीच वर्षं झाली त्यांना आठवण करून देते. परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा झाली की पंचांग, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा असा क्रम असतो. ज्या वर्गाची पाळी, त्या वर्गातलं एखादं मूल आदल्या रात्री घरच्या मोबाइलवर आलेला मेसेज वहीत उतरवून आणतं. अमक्या साली अमक्यांचा जन्म, तमक्या साली तमक्यांचे निधन, अशा वीस-पंचवीस ओळी. वाचणाऱ्याला त्यातलं कुणी माहीत नसतं आणि ऐकणाऱ्यालाही नसतं. शिवाय चुका. २७ फेब्रुवारीला हमखास ‘राजभाषा दिन’ म्हटलेलं असतं. तो कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणून मराठी भाषा गौरव दिन. राजभाषा दिन १ मेला. दुकानात उभ्या उभ्या मी आधी ही दोन पानं उघडून पाहिली. दोन्ही बरोबर होती. ३ ऑक्टोबरच्या पानावर २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचीही नोंद होती. तिथेच पैसे दिले.

पानाची मांडणी साधी आहे. वर मोठ्या टायपात तारीख. खाली एकच मुख्य मजकूर, साठ-सत्तर शब्दांचा, एखाद्या घटनेवर किंवा माणसावर. त्याखाली ‘याच दिवशी’ असं लिहून चार-पाच ओळी आणि प्रत्येक ओळीत साल, गाव आणि काय घडलं ते. गाव दिलंय ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. नुसतं साल मुलांच्या डोक्यावरून जातं. गाव सांगितलं की कुणाची तरी आत्या तिथे राहत असते.

१४ मार्चचं पान मी दुकानात वाचलं आणि नंतर वर्गातही वाचलं. मुख्य मजकूर ‘आलम आरा’वर आहे. १४ मार्च १९३१, गिरगावातलं मॅजेस्टिक थिएटर, अर्देशीर इराणींचा पहिला भारतीय बोलपट. शेवटच्या ओळीत लिहिलंय की या चित्रपटाची एकही प्रिंट आज उपलब्ध नाही. खाली ‘याच दिवशी’मध्ये १८७९ साली जर्मनीतल्या उल्म गावी आइनस्टाइनचा जन्म, १८८३ साली लंडनमध्ये मार्क्सचा मृत्यू, १९९८ साली मुंबईत दादा कोंडके गेले, २००३ साली नागपुरात सुरेश भट गेले, २०१० साली मुंबईत विंदा करंदीकर गेले. पडद्यावर पहिल्यांदा माणसं बोलली तो दिवस, आणि सलग नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपट देणारा, बोलीच्या जोरावर थिएटरं भरवणारा माणूस गेला तोही दिवस. त्यात मराठी गझलेला घराघरात नेणारे भट आणि ज्ञानपीठ मिळालेले विंदा. एका तारखेवर मराठीचं इतकं काही येऊन थांबलंय, हे मला या पानामुळे एकत्र दिसलं.

मार्चमध्ये आमची शाळा दहावीचं केंद्र असते, माइक बंद ठेवावा लागतो, म्हणून परिपाठ वर्गावर्गात होतो. आठवीच्या वर्गात एका मुलीने हे पान वाचलं. प्रिंट नाही म्हटल्यावर मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, “मॅडम, म्हणजे आता तो पिक्चर कुणालाच बघता येणार नाही?” नाही म्हटलं. “मग तो होता हे कशावरून?” मग जाहिराती, फोटो, त्या वेळची वर्तमानपत्रं, पाहिलेल्या माणसांनी लिहून ठेवलेलं, असं एकेक निघालं. इतिहासाचा पुरावा म्हणजे काय, हा धडा त्या दिवशी पहिल्या तासाच्या आधीच झाला. मोबाइलवरच्या पंचवीस ओळींनी हे कधीच झालं नसतं. दिनविशेषात प्रश्न सुचेल इतका मजकूर लागतो आणि या कॅलेंडरने तो बहुतेक पानांवर दिलाय.

१ ऑगस्टचं पानही असंच जमलंय. टिळकांची पुण्यतिथी सगळ्यांना ठाऊक असते आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंतीही ठाऊक असते, पण बहुतेक ठिकाणी कार्यक्रम वेगळे, फलक वेगळे, फोटो वेगळे. इथे दोन्ही एकाच मजकुरात आहेत, कारण दिवसही एकच आहे आणि सालही एकच: १ ऑगस्ट १९२०. मुंबईत सरदारगृहात मध्यरात्रीनंतर टिळकांनी प्राण सोडला आणि त्याच तारखेला वाटेगावात अण्णा भाऊ जन्मले. वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. आमच्या शाळेपासून फार लांब नाही. नववीतल्या एकाचं आजोळच तिथलं निघालं. पुढचे दोन दिवस तो भलताच ऐटीत होता. मुख्य मजकूर लिहिणाऱ्याने दोघांची तुलना केलेली नाही, कुणाला मोठं-लहान केलेलं नाही. एक माणूस कुठे गेला आणि एक कुठे आला एवढं नीट सांगितलंय. अशा जागी लेखकाची समज कळते.

सिनेमा, क्रिकेट, नाटक यांना या कॅलेंडरने दिलेली जागा काही पालकांना जास्त वाटली. मला ती योग्य वाटते. २५ जूनच्या पानावर १९८३चा विश्वचषक आहे: लॉर्ड्स, भारत सर्वबाद १८३, वेस्ट इंडिज सर्वबाद १४०. आणि लगेच खाली, १९७५ साली याच तारखेच्या रात्री आणीबाणी जाहीर झाली ती नोंद. मुलं क्रिकेटसाठी कान देतात आणि दुसरी ओळ आपोआप ऐकतात. दुसऱ्या दिवशी, २६ जूनला, मुख्य मजकूर शाहू महाराजांवर आहे (जन्म १८७४) आणि खाली १८८८ साली जन्मलेले बालगंधर्व. पुण्यातलं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली त्यांच्या वाढदिवशीच सुरू झालं, हेही एका ओळीत दिलंय. १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी आहे, १८५३ सालची, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी सुटलेली, १४ डबे, तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी, आणि खाली १८८९ साली लंडनमध्ये जन्मलेला चार्ली चॅप्लिन. १६ डिसेंबरला १९७१चा विजय दिवस, १९७२ साली पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग आणि २००४ साली लक्ष्मीकांत बेर्डे गेले तो दिवस. लक्ष्याचं नाव आलं की मुलं आजही हसतात. त्यांचे चित्रपट आले तेव्हा या मुलांचे आईवडील शाळेत होते, तरी यांना संवाद पाठ आहेत. हा इतिहासच आहे आणि तोही जिवंत, म्हणून तो दिनविशेषात हवाच. ज्या आठवीतल्या मुलांनी सचिनला मैदानात कधी पाहिलेलंच नाही, त्यांना १५ नोव्हेंबर १९८९, कराची, हे सांगितलं पाहिजे.

२३ ऑगस्टचं पान मात्र मुलांनी स्वतः मागून वाचलं. २०२३ साली चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी. त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते टीव्हीवर पाहिलेलं. दिनविशेषात आलेली गोष्ट आपण पाहिली आहे, याचा त्यांना केवढा अभिमान! आणि त्याच पानावर, १९१८ साली सिंधुदुर्गातल्या धालवलीत विंदांचा जन्म.

आता कमतरता.

१४ जानेवारीच्या पानावर पानिपतची तिसरी लढाई आहे. साल १७६१ बरोबर, पौष शुद्ध अष्टमी बरोबर, आणि मग लिहिलंय की ‘मकरसंक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली’. हे चूक आहे, आणि अशी चूक आहे की सगळीकडे छापली जाते. संक्रांत कायम १४ जानेवारीला नसते; साधारण सत्तर वर्षांत ती एका दिवसाने पुढे सरकते. आता तर ती बऱ्याच वर्षी १५ला येते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३चा आणि त्या दिवशी संक्रांत होती. मग त्याच्याही शंभर वर्षं आधी ती १४ला कशी असेल? १७६१ साली संक्रांत १० जानेवारीच्या आसपास होऊन गेलेली होती. गंमत म्हणजे याच कॅलेंडरच्या १२ जानेवारीच्या पानावर विवेकानंदांच्या जन्मदिवशी संक्रांत होती असं छापलंय. दोन पानं एकमेकांशी बोलली असती तर चूक सापडली असती. हे मी प्रकाशकाला फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, लिहून घेतलं.

दुसरी गोष्ट चूक म्हणता येणार नाही, पण ती न सांगितल्याने घोळ होतो. शिवरायांच्या तारखा. १९ फेब्रुवारी १६३०, ६ जून १६७४, ३ एप्रिल १६८० या तिन्ही तारखा जुन्या, म्हणजे जुलियन पद्धतीच्या आहेत; आज आपण वापरतो ती नवी, ग्रेगोरियन. रायगडावर राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन हजर होता. सुरत-मुंबईचे इंग्रज त्या काळी जुनीच पद्धत पाळत. गोव्यातले पोर्तुगीज केव्हाच नव्या पद्धतीवर गेलेले. त्यामुळे एकाच दिवसाला इंग्रजांच्या पत्रात एक तारीख आणि पोर्तुगीजांच्या पत्रात दहा दिवस पुढची तारीख. इंग्रजांनी नवी पद्धत घेतली १७५२ साली, तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी १४ सप्टेंबर लिहिला. आजच्या हिशेबाने राज्याभिषेक १६ जूनला येतो. आता गंमत पाहा, या एकाच कॅलेंडरवर राज्याभिषेकाची तारीख जुन्या पद्धतीची आहे आणि पानिपतची नव्या. दोन्ही शेजारी ठेवल्या तर कुणाला काही कळत नाही. ६ जूनच्या पानावर ‘ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६’ छापलंय हे फार बरं केलंय, कारण तिथीला हा घोळ लागू होत नाही. पण त्याखाली आणखी एक ओळ हवी होती. आमचे इतिहासाचे सर तर म्हणतात, ही एक ओळ पाठ्यपुस्तकातही हवी. २३ एप्रिलचंही तसंच आहे. शेक्सपियर १६१६ साली २३ एप्रिलला गेला ते जुन्या पद्धतीने, आणि स्पेनमध्ये सर्व्हांतेसचं दफन २३ एप्रिलला झालं ते नव्या पद्धतीने. तारीख एक, प्रत्यक्षात मध्ये दहा दिवसांचं अंतर. कॅलेंडर म्हणतं, दोघं एकाच दिवशी गेले. जागतिक पुस्तक दिनाचं हे पान आमच्या वाचनालयाच्या दारावर लावायचं ठरलं होतं. मी ती ओळ खोडून दुरुस्ती लिहिली आणि मगच लावलं.

तारीख कुठल्या गावाची, हाही प्रश्न आहे. २० जुलैच्या पानावर माणसाचं चंद्रावरचं पहिलं पाऊल आहे, १९६९. अमेरिकेत २० जुलैची रात्र होती हे खरं. पण आर्मस्ट्राँगने पाय टेकवला तेव्हा भारतात २१ जुलै उजाडून सकाळचे ८ वाजून २६ मिनिटं झाली होती. मुलांना हे सांगितल्यावर त्यांनी लगेच भूगोलाचं पुस्तक काढलं आणि रेखावृत्तं मोजायला बसली. इतकी सोन्यासारखी गोष्ट पानावर का नसावी?

तिथींचा प्रश्न या प्रकारच्या कॅलेंडरला सुटण्यासारखाच नाही, हे मान्य. कायमस्वरूपी पानं म्हटल्यावर तुकाराम बीज कुठे ठेवणार? ज्ञानेश्वरांची समाधी कार्तिक वद्य त्रयोदशीची, ती दरवर्षी वेगळ्या तारखेला. म्हणून वारकरी परंपरेतलं जवळजवळ काहीच यात नाही. सातारा-सांगली-सोलापूरच्या मुलांना ज्या दिवसांशी घरून नातं आहे, तेच दिवस गळले. धम्मचक्र प्रवर्तन १४ ऑक्टोबरला दिलंय, १९५६, नागपूर. पण तो दिवस अशोक विजयादशमीचा होता आणि दीक्षाभूमीवर लोक दसऱ्याला लोटतात, हे लिहिलेलं नाही. एकाच घटनेचे दोन दिवस लोक मनापासून पाळतात. याचं उत्तम उदाहरण प्रकाशकाने स्वतःच दिलंय, १ एप्रिलच्या पानावर: १९५५ साली याच तारखेला रामनवमी होती आणि त्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचा स्वर, वर्षभरात ५६ गीतं. तारीख आणि तिथी दोन्ही दिल्या की पान कसं भरून येतं ते तिथे दिसतं. माझी सूचना अशी, की मागे दहा-बारा पानं तिथीवार जोडावीत, चैत्र ते फाल्गुन. तारखेची सक्ती नको. ज्या वर्षी जो दिवस येईल त्या दिवशी ते पान पुढे काढून ठेवता येईल.

शाळेसाठी घेणार असाल तर आणखी एक लक्षात ठेवा: अर्धी गोड पानं सुट्टीत येतात. पु. ल. देशपांड्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९चा, तेव्हा बहुधा दिवाळीची सुट्टी असते किंवा तिची गडबड. ते गेले १२ जून २०००ला, तेव्हा शाळा उघडलेली नसते. (१२ जून हा त्यांचा आणि सुनीताबाईंचा लग्नाचाही वाढदिवस, १९४६चा, पानावर हे आहे.) ३ मे १९१३, गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’, हे पानही उन्हाळ्यात. आम्ही सुट्टीतली पानं आधीच वाचून घेतो, फाळक्यांसाठी १६ फेब्रुवारी, त्यांचा स्मृतिदिन, धरतो. २९ फेब्रुवारीच्या पानावर मोरारजी देसाई आहेत, १८९६. सन १९०० हे लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे जन्मानंतर त्यांचा पहिला खरा वाढदिवस आला तो थेट १९०४ साली, हे वाचून पोरं हरखली. ते पान त्यांनी नियमाबाहेर जाऊन आधीच वाचलं, कारण २०२८ साली ही मुलं शाळेत नसतील.

पण सगळ्यात मोठी उणीव वेगळी आहे आणि ती फक्त या कॅलेंडरची नाही. दिनविशेषात कोण येतं? ज्याची तारीख कुणीतरी लिहून ठेवली तो. आमच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उघडा. पानंच्या पानं जन्मतारीख १ जून. दाखल करून घेणाऱ्या गुरुजींनी मूल सहा वर्षांचं दिसतंय म्हणून टाकलेली तारीख. महाराष्ट्रात पन्नाशी-साठीच्या पुढची कितीतरी माणसं कागदावर १ जूनची आहेत. खऱ्या दिवशी आईला पाऊस आठवत होता, नाहीतर पेरणी. माझ्या स्वतःच्या सासऱ्यांची जन्मतारीख तीच. (१ जूनच्या पानावर १९४८ साली धावलेली पहिली एसटी आहे, नगर ते पुणे; तेवढं मात्र अगदी योग्य वाटतं.) ज्यांची तारीख नाही त्यांना दिनविशेषात जागा नाही, आणि त्यात बायका जास्त, दलित जास्त, कष्टकरी जास्त. १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे या ३६६ पानांत कुठेच नाहीत. मुक्ता साळवे नाही.

मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली विद्यार्थिनी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला, १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ला. म्हणजे तारीख आहे! तिच्या जन्माची नसेना का, तिच्या लिखाणाची पक्की आहे. १५ फेब्रुवारीच्या पानावर आत्ता मुख्य मजकूर गॅलिलिओचा आहे, १५६४, पिसा. तो राहू दे. पण ‘याच दिवशी’त मुक्ताची ओळ आलीच पाहिजे. जिची वयाने बरोबरी करतील अशा मुली आमच्या परिपाठात माइकसमोर उभ्या असतात. आम्ही यंदा त्या पानाच्या खाली कागद चिकटवून तिची ओळ लिहिली आणि आठवीच्या मुलीने ती वाचली, खणखणीत वाचली. पुढच्या आवृत्तीसाठी प्रकाशकाला मी जी यादी पाठवली तिच्यात सगळ्यात वर हेच आहे: ज्यांचा जन्म-मृत्यू नोंदलेला नाही, त्यांच्या कामाचा दिवस घ्या. पुस्तक छापलं तो दिवस, शाळा उघडली तो, सत्याग्रह केला तो. २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसं गेली, त्यातल्या कितीजणांच्या जन्मतारखा कुठे आहेत? तो दिवस मात्र आहे, आणि या कॅलेंडरने तो उत्तम लिहिलाय.

गोव्याची पानं चांगली आहेत. १८ जून १९४६ला मडगावात लोहियांची सभा, १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल, १९ डिसेंबर १९६१चा गोवा मुक्तिदिन. विदर्भ-मराठवाड्याचं त्यामानाने तोकडं. १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम आहे, ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप आहे, पण त्यापलीकडे पानं पुण्या-मुंबईकडे झुकलेली. पुण्यात छापलं की असं होतंच. खानदेशाला बहिणाबाईंचं एक पान आहे, ३ डिसेंबर. ते सुंदर आहे.

छपाईबद्दल दोन शब्द. कागद जाड आर्ट पेपर, गुळगुळीत. दिसायला देखणा, पण त्यावर ना पेन्सिल उठते ना बॉलपेन टिकतं, आणि परिपाठाच्या वेळी उन्हात धरलं तर चकाकतो; मुलं पान तिरकं करून वाचतात. साधा, न चकाकणारा मॅपलिथो कागद हवा होता. किंमतही थोडी उतरली असती. टाइप मोठा आहे, जोडाक्षरं फुटलेली नाहीत, शुद्धलेखन जवळपास निर्दोष. स्टँडचा पुठ्ठा मजबूत आहे; पावसाळ्यात आमच्या ऑफिसात भिंतीला ओल येते तरी तो वाकला नाही. वायरो मात्र एका बाजूने उघडली होती, शिपाई मामांनी पक्कडीने दाबून दिली, त्यानंतर त्रास नाही.

कुठलंही दिनविशेष घेणार असाल तर दुकानात चार पानं उघडून पाहा: २७ फेब्रुवारी, १४ जानेवारी, १ ऑगस्ट आणि तुमच्या गावाशी संबंधित एखादी तारीख. पहिल्या तीन पानांवर चुका असतील तर बाकीची पानं पाहायची गरज नाही. चौथं पान रिकामं असेल तर प्रकाशकाला कळवा. छोटे प्रकाशक ऐकतात, माझा अनुभव तरी तसा आहे. घरी घेणाऱ्यांना मी हे कॅलेंडर आजच घ्या म्हणेन, जेवणाच्या टेबलावर ठेवा आणि सुट्टीतली पानं तुम्ही वाचा. शाळांनी शक्य असेल तर थोडं थांबावं. सुधारलेली आवृत्ती जूनमध्ये येणार आहे, पानिपतचं पान बदललंय आणि मुक्ता साळवेची ओळ घातली आहे असं प्रकाशकाने कळवलंय. तिथीची पानं यंदा जमणार नाहीत, कागदही तोच राहील. पाच प्रती एकदम घेतल्या तर ४०० रुपयांनी देतात.